तांबोळी बाई आणि तळ्याचा कागद

तांबोळी बाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी त्यांनी पिठाच्या डब्यावरून हात फिरवला. आधी झाकणावरून, मग गोल भोवतीनं. आई ओशाळली, तिला वाटलं, बाई धूळ बघतायत. शाळेतल्या बाकापासून चेंडूपर्यंत कुठलीच वस्तू त्या हात फिरवल्याशिवाय सोडत नसत, हे मला मात्र माहीत होतं. "हात फिरतो ते पृष्ठफळ, आत मावतं ते घनफळ," असं त्या शिकवायच्या. सूत्र कुठलं लावू म्हणून विचारलं की म्हणत, "त्याची घाई नको. आधी वस्तूशी ओळख कर."

बाई मूळच्या जुन्नरच्या आणि नोकरीला पेठजवळच्या आमच्या शाळेत. सहल लेण्याद्रीला गेली की दर्शन झाल्यावर आमची जेवणाच्या डब्यांकडे धाव, आणि बाई मात्र एखाद्या रिकाम्या लेण्यात उभ्या. "इथं कुणी काही बांधलेलं नाही, नुसतं काढलंय. किती दगड काढला ते सांगा, मग जेवा." आम्ही मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत पावलांनी लांबीरुंदी मोजायचो.

अशा बाईंच्या हाताखाली शिकून मी दहावीला नेमकी गणितातच नापास झाले. वडिलांनी, म्हणजे दादांनी, ठरवून टाकलं की शाळा बास, आता शेतात बघायचं. मला पुढं शिकायचं होतं, पण नापास पोरीनं ते कुठल्या तोंडानं म्हणायचं? जुलैच्या फेरपरीक्षेला मला बसू द्यावं, हे सांगायलाच बाई त्या दिवशी आल्या होत्या. दादांनी अदबीनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तिचं डोकंच न्हाई चालत त्यात. उगं कशाला छळायचं पोरीला?"

बाईंनी वाद घातला नाही. घरामागं नवं शेततळं खोदून झालं होतं, ते बघू या म्हणाल्या. दादा खुलले. तळ्याचं तोंड तीस मीटर बाय वीस, खोली तीन. तळाला अंथरायचा सहाशे चौरस मीटर प्लास्टिकचा कागद त्यांनी मंचरच्या दुकानात सांगून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुकानदार तो कापणार होता. आमच्याकडे तळं असंच तोंडावरून सांगतात आणि कागदही त्याच मापानं मागवतात. बाई माझ्याकडे वळल्या.

"कागद पाण्यावर अंथरायचाय का पाण्याखाली?"

मला लगेच काही कळलं नाही. मग कळलं, आणि मी दोरी आणायला पळाले. एका काठावरून उतारानं खाली, तळावरून पलीकडं, तिथून पुन्हा वर. तीसच्या जागी दोरी बत्तीस मीटर भरली, आडवी विसाच्या जागी बावीस. तीन खोल, चार आत, म्हणून उतार पाच. ज्या त्रिकोणानं परीक्षेत माझी वाट लावली होती, तोच इथं मातीत उघडा पडला होता. काठावर कागद मातीत गाडतात, त्यासाठी सगळीकडून एकेक मीटर धरला. चौतीस बाय चोवीस, आठशे सोळा. तेवढा वेळ बाई नुसत्या पर्स कवटाळून उभ्या होत्या.

दादांनी स्वतः दोरी टाकून बघितली आणि मंचरला फोन लावून माप बदलून सांगितलं. कागद कमी पडला असता तर जोड द्यावा लागला असता, आणि जोडातून पाणी जातं. मग बाई म्हणाल्या, आता पाणी किती मावेल तेही सांग. दादा अठरा लाख लिटर धरून बसले होते. उतारामुळं ते साडेबारा लाखांच्या थोडं वर आलं. त्या हिशेबात मात्र बाईंनी मदत केली.

"बाई, हिला गणित आलं अन् माझं तळं आटलं," दादा म्हणाले. हसत होते. मग थोड्या वेळानं हळूच विचारलं, "पण परत नापास झाली म्हंजी?"

"तर परत बसेल," बाई म्हणाल्या. बस चुकली तर दुसरी येईल म्हणावं, इतक्या सहज.

जुलैत मी परत नापास झाले. चार गुणांनी. बाई तेव्हा निवृत्त होऊन जुन्नरला गेल्या होत्या, त्यामुळं माझी बाजू घ्यायला कुणी नव्हतं. दादा तळ्यावर मोटारीचा पाइप जोडत होते. मी त्यांना निकाल सांगितला. त्यांनी पाइप आवळून घेतला, हात पुसले.

"मंग परत बस की," म्हणाले. "एवढं काय त्यात."

मला रडू फुटलं. बाईंनी त्या दिवशी गणित मला शिकवलं, पण धीर दादांना देऊन गेल्या होत्या, हे मला तेव्हा उमगलं.

मार्चच्या परीक्षेत मी पास झाले. पेढे घेऊन जुन्नरला जायचं म्हणून मी वेणी घालत होते, तर आई म्हणाली, दादा मघाच्याच एसटीनं पेढे घेऊन गेले.