सत्तरांतलं उडालेलं पान

तेंदूच्या हंगामात मी फळीवर मुन्शी असतो. फळी म्हणजे गावाबाहेर झाडून घेतलेली मोकळी जागा. पहाटे जंगलात जाऊन तोडलेली विडीची पानं बायामाणसं दुपारपर्यंत तिथे आणतात, मुन्शी ती मोजून घेतो आणि उन्हात वाळत घालतो. सत्तर पानांचा एक पुडा. हंगाम संपला की मी ब्रह्मपुरीला घरी येतो आणि वर्षाचे बाकीचे महिने एका धानगिरणीत हिशेब लिहितो. दोन्हीकडे काम एकच, जेवढं आहे तेवढंच सांगायचं. माझ्याजवळ शेती फारशी नाही, शिक्षण बेताचं आहे. पण मी मोजलेलं कोणी पुन्हा मोजत नाही. ही एक गोष्ट मी आजवर जपली आहे, आणि एका फुलपाखरानं नेमकी तिलाच खोट आणली.

त्या वर्षी आमची फळी वैरागडच्या पलीकडे होती. मे महिन्यातली दुपार. मोजणी आटोपून मी तोंड धुवायला नाल्यात उतरलो. नाला आटला होता, फक्त एका जांभळीखाली डबकं उरलं होतं. जांभळीच्या खोडाला एक वाळकं पान चिकटलेलं होतं. मी पाण्याचा हबका मारला तसं ते पान सुटलं, आणि खाली पडायचं सोडून वर गेलं. जाताना उघडलं. आतून गडद निळं, त्यावर तिरपा शेंदरी पट्टा. दहाबारा हातांवर दुसऱ्या खोडाला टेकलं, डोकं खाली करून मिटलं, आणि पुन्हा वाळकं पान झालं. मधली शीर, टोकाचा देठ, कुजल्याचे दोनतीन डाग, सगळं जिथल्या तिथे.

घरी आल्यावर मी हे सांगितलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजी, खिशात कांदा होता का?"

आमच्याकडे उन्हाळ्यात कांदा खिशात ठेवल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. त्यानं ऊन लागत नाही म्हणतात.

"होता," मी म्हटलं.

"मग लहान असंल."

माझे मेहुणे, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, चांद्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात. आम्ही घरात त्यांना मास्तर म्हणतो. ते तेव्हा आलेले होते. त्यांनी हसून घेतलं आणि मग वर्गात समजावतात तसं समजावलं. "भाऊजी, असं फुलपाखरू असते. नाई असं नाई. पण ते तिकडे आसामात, ओल्या डोंगरात. आपल्या तेंदूच्या जंगलात, भर मे महिन्यात, ते कायले येईल? उन्हात डोळ्यापुढे असं निळंशेंदरी होतेच."

इथवर ठीक होतं. पण घरातली गोष्ट गिरणीत गेली, गिरणीतून गाडीवानांबरोबर फळीच्या गावात गेली. पुढच्या हंगामात पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीचा पुडा एका पानानं कमी भरला. ही बाई गावातली सगळ्यांत जुनी पान तोडणारी. तिच्या हातून चूक क्वचितच व्हायची.

"बाई, एकोणसत्तर आहेत," मी म्हटलं.

"एकोणसत्तर?" कमरेवर हात ठेवून तिनं आधी बाकीच्या बायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचं पान उडून राह्यते मुन्शीभाऊ, मंग आमचं काऊन नाई उडणार?"

फळीभर हसू पसरलं. तिनं ओच्यातून एक पान काढून पुड्यावर ठेवलं ते वेगळंच. पण त्या दिवशी आणखी तिघींनी मला पुडे पुन्हा मोजायला लावले. मोजणी बरोबरच निघाली. तरी मला रात्री जेवण गोड लागलं नाही. एका ठिकाणी तुमच्या शब्दाला हसलं, की दुसऱ्या ठिकाणी तो आपोआप हलका होतो.

म्हणून मी मास्तरांना निरोप धाडला की कॅमेरा द्या. फोटो काढूनच दाखवतो.

कॅमेरा म्हणजे एक काळी चौकोनी पेटी होती. आत आठ फोटोंचा रोल. मास्तर स्वतः तो घेऊन वैरागडपर्यंत आले आणि त्यांनी पहिल्यांदा अडचणच सांगितली. या पेटीला आठदहा फुटांच्या अलीकडचं स्पष्ट दिसत नाही, आणि तेवढ्या लांबून फुलपाखरू म्हणजे माशीचा ठिपका. मग त्यांची नजर माझ्या चष्म्यावर गेली. वाचण्याचा चष्मा, नंबर दोन. त्यांनी मातीत काडीनं भागाकार मांडला.

"तुमचा चष्मा भिंगापुढे बांधा. मग वीस इंचांवरचं साफ येईल. वीस म्हणजे वीस भाऊजी, एकोणीसही नाई आन् एकवीसही नाई."

मोजमापाचं काम म्हटल्यावर मला आवडलं. मी कॅमेऱ्याला वीस इंचांची सुतळी बांधली. सुतळीचं टोक फुलपाखराजवळ पोचलं की अंतर बरोबर. हंगाम संपताना कॅमेरा न्यायला येईन, असं सांगून मास्तर चांद्याला परतले.

दुसऱ्या दिवशी नाल्यात गेल्यावर कळलं की एक हिशेब दोघांनीही केला नव्हता. चष्मा कॅमेऱ्याला बांधला की मला जवळचं दिसत नाही. पेटीच्या वरच्या बाजूला बोटभर काच असते, तीत पाहून नेम धरायचा, ती काच मला नुसती धुक्यासारखी दिसायची. चष्मा मी लावला तर कॅमेरा आंधळा, कॅमेऱ्याला लावला तर मी. शेवटी फळीवरच्या पोत्यावर खडूनं फुली काढून, सुतळी ताणून, पेटी कशी धरली की फुली समोर येते ते हातांनाच शिकवलं. आठांतला एक फोटो या शिकवणीत गेला. पोत्याचा फोटो अतिशय सुरेख आला आहे.

फुलपाखरू मात्र बोलावल्यावर येत नाही. नाल्याच्या ओल्या रेतीवर पिवळी, पांढरी बसायची, शेदोनशे सहज, पाय टाकला की सगळी एकदम उठायची. माझं त्यांत नव्हतं. ते सावलीत, खोडांवर, आणि बसल्यावर पान. वाळक्या पानांनी भरलेल्या जंगलात एक वाळकं पान शोधणं सोपं नसतं. मी खोडाखोडाला फुंकर मारत फिरायचो. उडालं तर फुलपाखरू.

मला एवढंच आठवत होतं की पडलेल्या, फुटलेल्या जांभळावर अशी रानातली फुलपाखरं येतात. जांभळं अजून पिकायची होती. म्हणून वाळलेली मोहफुलं पाण्यात भिजवून आंबवली आणि पळसाच्या द्रोणात घालून डबक्याशी ठेवली. पहिला द्रोण बकरीनं खाल्ला. वास मात्र फळीपर्यंत गेला.

"मुन्शीभाऊ, दारू गाळून राह्यले का?" म्हातारीनं लांबूनच विचारलं.

"फुलपाखरासाठी आहे."

"असं का?" ती म्हणाली. "माह्या नवराबी असाच सांगे. म्हणे, देवासाठी हाय."

दुसरा द्रोण मी झुडपांच्या आत ठेवला. त्यावर ते आलं. द्रोणावर नव्हे, शेजारच्या खोडावर, डोकं खाली. मी सुतळी ताणत पुढे सरकलो. सुतळीच्या टोकाला बोटाएवढं अंतर राहिलं आणि मला शंका आली, हे तेच की नुसतं पान? चष्मा तर कॅमेऱ्यावर. म्हातारी माझा द्रोण पाहायला मागोमाग आलीच होती. तिचे डोळे चांगले, म्हणून तिलाच हळूच विचारलं.

"बाई, हे पान आहे की फुलपाखरू?"

तिनं वाकून नीट पाहिलं. "पान हाय," ती ठामपणे म्हणाली.

मी तरी कळ दाबली. कळीच्या आवाजानं पान उडून गेलं. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "वारा आला."

वारा नव्हता. मेमधल्या दुपारी त्या नाल्यात वारा येत नाही. पण ती फळीवर जाऊन काय सांगणार हे मला कळून चुकलं, आणि तिनं तेच सांगितलं.

पुढच्या पंधरवड्यात आणखी पाच फोटो गेले. दोन त्याच मिटलेल्या फुलपाखराचे. एकात बकरीची शिंगं, ती परत आली होती. आणि दोन, हे लपवण्यात अर्थ नाही, खऱ्या पानांचे. कळ दाबली, फुंकर मारली, तरी जागचं हललं नाही तेव्हा समजलं. मिटलेल्याचा फोटो काढून उपयोग नाही, ते पानासारखंच दिसणार, एवढं तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. उघडलेलं पाहिजे. म्हणून शेवटचा, आठवा फोटो मी राखून ठेवला.

हंगाम संपताना मास्तर कॅमेरा न्यायला आले. मी त्यांना नाल्यात घेऊन गेलो. नवा द्रोण ठेवला. ते म्हणाले, "भाऊजी, कॅमेरा माझ्याजवळ द्या. माझे डोळे चांगले आहेत, आणि मी शंका घेणारा आहे. मी काढलेला फोटो कोणी नाकारणार नाई." मला हे पटलं. पंचाला मापं धरू द्यावीत. सुतळी दाखवली, कळ दाखवली, आणि आम्ही जांभळीला टेकून बसलो. मास्तरांनी बसल्या बसल्या मला सांगितलं की निसर्गात भास कसे होतात.

ते बोलत असताना फुलपाखरू द्रोणाच्या काठावर उतरलं. या वेळी खोडावर नाही, द्रोणावरच. सोंड मोहाच्या पाण्यात घातली. आंबवण बहुधा जास्तच झालं होतं. थोडं पिऊन ते डुललं, आणि सावकाश, पुस्तक उघडावं तसं, पंख उघडून बसलं. निळं. शेंदरी पट्टा. मिटलं. पुन्हा उघडलं.

मास्तर गुडघ्यांवर होते, सुतळी ताठ, अंतर बरोबर वीस इंच. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "दाबा."

ते हलले नाहीत.

"मास्तर, दाबा!"

"अं?"

"कळ!"

"काय?" ते म्हणाले, आणि फुलपाखरू जांभळीच्या वर निघून गेलं. मग त्यांनी कळ दाबली.

आठवा फोटो द्रोणाचा आहे.

चांद्याच्या फोटोवाल्यानं रोल धुऊन दिला तेव्हा त्यानं मास्तरांना सल्ला दिला होता की पानांचे फोटो काढायचे तर हिरवी घ्यावीत, वाळक्यांत मजा येत नाही. त्यांतला एक चांगला फोटो घेऊन मास्तर आमच्याकडे आले आणि पाट्यावर मिरच्या वाटत असलेल्या माझ्या बायकोसमोर धरला.

"पान आहे," ती म्हणाली.

"ताई, हे पान नाई. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! हे असं उघडते, आतून निळं, असा शेंदरी पट्टा..." त्यांनी दोन्ही तळहात जोडून उघडून दाखवले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. आवाज चढला होता. मी गेल्या वर्षी असाच दिसलो असणार.

"भाऊजी, सांगा ना!"

"मी सांगून झालं आहे," मी म्हटलं.

बायकोनं वरवंटा थांबवला. "तू आता पाहिलं म्हणून खरं झालं का? त्यांनी सांगितलं तेव्हा मी खोटं म्हटलं होतं का? ऊन लागलं म्हटलं होतं. खोटं ते बोलत नाईत, मले माहीत आहे. तुझं मात्र मी काही सांगू शकत नाई." आणि ती पुन्हा मिरच्या वाटू लागली.

मी फोटो हातात घेऊन उजेडाकडे वळलो. पान उत्तम दिसत होतं. पुढच्या हंगामात फळीवर तो नेला तेव्हा म्हातारीनंही बराच वेळ पाहिला आणि म्हणाली की हे सत्तरावं, तिच्या त्या पुड्यातलं. सगळ्यांबरोबर मीही हसलो. त्या दिवशी पुन्हा मोजून कोणी मागितलं नाही.

यंदा मास्तरांनी नवा रोल घेतला आहे, आणि सुटीत ते माझ्याबरोबर फळीवर आले आहेत. परवा निघताना बायको दारात आली. तिच्या दोन्ही हातांत एकेक कांदा होता, टोपलीतले सगळ्यांत मोठे. मी माझा मुकाट्यानं खिशात टाकला. मास्तर म्हणाले, विज्ञानाच्या दृष्टीनं कांद्याचा आणि उन्हाचा काही संबंध नाही. मग तो खिशात घातला, आणि वरून गुंडीही लावली.