पाच परस पाणी

माझं माहेर विट्याचं, वडील गलाईवाले. लांब परप्रांतात दुकान टाकून लोकांचं सोनं आगीत घालायचं आणि त्यात खरं किती, भेसळ किती ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. सुट्टीत गावी आले की पारावर बसून सांगायचे, "आमची पोरगीबी आमचंच काम करती, फक्त सोन्याऐवजी नदीचं." ते ऐकून मी लाजायचे, पण आतून फुगायचेसुद्धा.

मी प्राणिशास्त्र शिकले आणि विश्रामबागेतल्या एका ऑफिसात कंत्राटावर लागले. देशभरातले मासे जिथे राहतात तिथली परिस्थिती कशी आहे, याची माहिती गोळा करायची, तपासायची आणि वर पाठवायची, असं ते काम. वर म्हणजे नेमकं कुठे, हे मला तीन वर्षांत कळलं नाही. साहेबांनाही कळलं नसावं, कारण विचारलं की ते छताच्या पंख्याकडे बघायचे. आमच्या वाट्याला सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे होते.

कामाआधी प्रशिक्षण झालं, चांगलं दोन दिवस, थंडगार हॉलमध्ये. गोड्या पाण्यातल्या माशांवर सकाळपासून भाषणं आणि दुपारच्या जेवणाला तळलेलं पापलेट. आमच्यातल्या निम्म्या लोकांची माशांशी ओळख तेवढीच झाली. शेवटी सगळ्यांना एकेक प्रमाणपत्र दिलं आणि मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं.

त्या ॲपचं काय सांगू! सबंध देशाला एकच फॉर्म. "प्रवाळाची स्थिती कशी आहे?" "खारफुटी किती टक्के?" "हिमनदीपासून अंतर किती?" उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी कवठे महांकाळकडच्या एका ओढ्यात, म्हणजे ओढ्याच्या कोरड्या ठणठणीत वाळूत, टळटळीत उन्हात उभी राहून हिमनदीपासूनचं अंतर भरत होते. शेजारी शेळ्या राखणाऱ्या बाईनं विचारलं, "काय शोधताय वं?" मी म्हटलं, "मासे." तिनं माझ्याकडे बघितलं, मग सूर्याकडे बघितलं आणि स्वतःजवळची पाण्याची बाटली मुकाट्यानं माझ्या हातात दिली.

गंमत पुढे आहे. त्या ओढ्यात पाणी नव्हतं, त्यामुळे घाण पाणी शून्य. शेवाळ शून्य. बाहेरून आलेले मासे शून्य. मेलेले मासेही शून्य, कारण मरायला आधी मासा पाहिजे. ॲपनं बेरीज केली आणि हिरवी पट्टी दाखवली: अधिवास उत्तम. आमच्या दोन जिल्ह्यांत त्या ओढ्याचा पहिला नंबर आला. वरून कौतुकाचा मेल आला, साहेबांनी तो छापून भिंतीला लावला. मी म्हटलं, "सर, तिथे पाणीच नाही." तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता."

मी पण हसले त्या दिवशी. घरी सगळ्यांना रंगवून सांगितलं. हसण्यावारी न्यायची सवय लागते आणि ती अंगाशी येते, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

त्यानंतर कृष्णेच्या काठची गावं घेतली. एका गावाखाली मोठा डोह आहे, म्हणजे होता. तिथले एक म्हातारे मासेमार मला नदी दाखवायला यायचे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोहावर. मी त्यांना मामा म्हणायचे. उन्हाळ्यात दोन्ही काठांच्या मोटारी उसाला पाणी ओढतात, नदी जागोजागी तुटते, नुसते दगड दिसायला लागतात. तेव्हा वरचे-खालचे सगळे मासे या एका डोहात येऊन राहायचे. वाम, मरळ, कटला, सगळे. पाऊस झाला की पुन्हा नदीभर पांगायचे. डोहाच्या खालच्या अंगाला खडकाचा एक पट्टा आडवा होता, त्यानं पाणी थोपून धरलेलं.

मामांनी दोरीला दगड बांधून सोडला आणि खोली मोजली. दोन्ही हात पसरून दोरी मापायची, एक वाव झाला की एक परस. आमच्याकडे विहिरीसुद्धा परसातच मोजतात. "पाच परस," मामा म्हणाले. "भर वैशाखात पाच परस. लिवा." मी दोरी काठावर पसरून टेपनं मोजली. जवळजवळ नऊ मीटर भरली.

मामांना तो आकडा लिहून हवाच होता, आणि त्याला कारण होतं. पुराचं पाणी लवकर निघून जावं म्हणून नदीतले अडथळे फोडायची यादी तयार होत होती, आणि त्यात हा खडकाचा पट्टा होता. आमच्या नियमपुस्तकात मात्र एक फार चांगली ओळ होती: उन्हाळ्यात तीन मीटरपेक्षा खोल पाणी राहणारी जागा माशांचं आश्रयस्थान समजावी आणि तिला हात लावू नये. ती ओळ मीच मामांना वाचून दाखवली होती. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "म्हंजी तुमी नऊ लिवलं की आमचा डोह वाचला."

"वाचलाच समजा," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

ऑफिसात येऊन नऊ भरले. ॲप लाल झालं. "या प्रकारच्या नदीसाठी उन्हाळी खोली कमाल दोन मीटर." नियमाचं पान एकानं लिहिलेलं, फॉर्म दुसऱ्यानं केलेला, आणि त्या दोघांची ओळख व्हायची राहून गेलेली. तीनच्या वर असेल तर वाचवा, पण दोनच्या वर भरूच नका. देशातला एकही डोह त्या फॉर्ममधून जिवंत बाहेर पडणं शक्य नव्हतं. कपाळ माझं!

यावर मार्ग नव्हता असं नाही, तो होता. अपवादाचा अर्ज करायचा, फोटो जोडायचे, तीन सह्या घ्यायच्या, वर पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. तोपर्यंत नकाशावर आपला जिल्हा लाल दिसणार. आणि तो दिवस होता त्या फेरीची माहिती पाठवायचा शेवटचा. साहेब केबिनमधून दर तासाला डोकं बाहेर काढून एवढंच म्हणत होते, "संध्याकाळपर्यंत सगळं हिरवं पाहिजे." खोली बदला असं ते म्हणाले नाहीत. त्यांना तो डोह कुठला तेही ठाऊक नव्हतं. साडेपाच वाजले, माझं डोकं दुखत होतं, कंत्राटाची मुदत वाढायची होती. मी नऊच्या आधी एक शून्य आणि एक टिंब ठेवलं. शून्य पूर्णांक नऊ. पट्टी हिरवी झाली. पुढच्या फेरीत दुरुस्त करू, असं मनाशी म्हटलं आणि पर्स उचलून घरी गेले.

आमच्या कामात याला "माहिती स्वच्छ करणं" म्हणतात. न बसणारे आकडे काढायचे किंवा बसवायचे. सातारा-सांगलीची माहिती देशात सगळ्यात स्वच्छ म्हणून आम्हाला ढालही मिळाली.

महिनाभरात मामांचा फोन आला. "म्याडम, पोकलेन आलंय. तुमचा त्यो कागुद दावा की ह्यास्नी. मी सांगतोय तर हसाय लागल्यात." मी दुरुस्तीची विनंती टाकली. एका मिनिटात उत्तर आलं: नोंद बंद झाली आहे, कृपया पुढील फेरीत प्रयत्न करावा. साहेबांकडे गेले. ते पंख्याकडे बघायला लागले. मी मामांना फोन करून म्हटलं, "बघते मी." ते म्हणाले, "बगा बगा, मी हितंच बसतोय." ते तीन दिवस खडकावर बसले होते, हे मला नंतर कळलं. मी मात्र गेले नाही. गेले असते तर काय दाखवलं असतं?

पुढच्या उन्हाळ्यात नवी फेरी लागली आणि जावंच लागलं. रात्रभर झोप नव्हती. मामा काठावर आले, नेहमीसारखे. दोरी घेऊन आले होते. खडकाचा पट्टा नव्हता, पाणी मोकळं होऊन केव्हाच पुढे निघून गेलं होतं. डोहाच्या जागी चिखलाची ढेकळं आणि मधे पाण्याचं डबकं, त्यात चार चिलापी, कसल्याही पाण्यात तगणारे ते बाहेरचे मासे. मामा धोतर खोचून सरळ चालतच मधे गेले. दगड सोडायची गरजच नव्हती, तरी त्यांनी तो सोडला. पद्धत ती पद्धत.

"आर्दा परस," ते म्हणाले. "लिवा."

मी टेप लावली. शून्य पूर्णांक नऊ मीटर. तेच ॲपमध्ये भरलं. ॲपनं काडीची कुरकुर केली नाही. उलट गेल्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहिलं आणि शेरा दिला: माहिती अचूक, अधिवास स्थिर.

मग त्यांच्या घरी गेलो. जाळी भिंतीला गुंडाळून ठेवलेली. मुलगा आता कुठल्याशा गोडाऊनवर रखवालदार आहे म्हणाले. सुनेनं चहा टाकला. मी मान वर करू शकत नव्हते. त्यांना वाटलं मला उन्हाचा त्रास झालाय, त्यांनी पंखा माझ्याकडे फिरवला.

"त्या मशीनवाल्याच्या कागदावर कायतरी भलताच आकडा व्हता," मामा म्हणाले. "मी म्हणलं, आमच्या म्याडमनी माज्या म्होरं दोरी मापली, त्यांनी आसं लिवायचंच न्हाई. वरच्यांनी बदाललं आसंल. व्हय न्हवं?"

सून कपबशी घेऊन दारात थांबली होती. खरं सांगायला एवढी मोकळी जागा मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती.

"हो मामा," मी म्हटलं, "वरच्यांनीच."

त्यांनी मान हलवली. "तरी मी म्हणतोय," असं म्हणून त्यांनी चहाचा पहिला कप माझ्या हातात दिला, आणि मी तो प्याले.