तलावावरून परत पाठवलेला मित्र

दूध उतू जायला जरा तरी वेळ लागतो, मला तेवढाही लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात तेच झालं.

मी गडचिरोलीकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. एमएस्सीचा माझा वर्गमित्र चंद्रपूरला असतो. माझ्या माहेरच्या तलावातल्या माशांवर आम्ही दोघांनी काम केलं, शोधनिबंध त्याने पाठवला. तो छापून आल्याचं मला भलत्याच कोणाकडून कळलं. नेटवर माझं नाव टाकून पाहिलं, काहीच नाही. एका ठिकाणी निबंध दिसला, तर तिथे त्याचं नाव आणि पुढे नुसतं ‘व इतर’. झालं! मी इतर काय? डोक्यात राख घालून घेतली, निबंध उघडूनसुद्धा पाहिला नाही.

त्याच तिरमिरीत माहेरी गेले आणि मच्छीमार सोसायटीच्या लोकांसमोर रडले. "तुमच्या त्या सरानं माझं नाव खाल्लं." गावची लेक रडतेय म्हटल्यावर पुढचं कोण विचारतो?

पाणी उतरलं की तिथे सगळे मिळून वर्षातून एकाच दिवशी जाळी टाकतात. आमची दुसऱ्या वर्षाची मोजणी त्याच दिवशी व्हायची होती. तो वजनकाटा, मोजपट्टी घेऊन आला, तर त्याला पाण्यात पाय टाकू दिला नाही. "आमच्या पोरीले रडवलं तुमी, भाऊ. जा इथून." मी रागाने त्या दिवशी गेलेच नव्हते; हे मला कळलं तेव्हा बरी जिरली असं वाटलं. शी!

मग कॉलेजने सगळ्यांचे संशोधक-नंबर मागवले. हा नंबर एकदा काढला की जन्मभर तोच, नाव बदलो की नोकरी. मी लग्नाआधी काढून विसरले होते. नेटवर त्या नंबराचं पान उघडलं, तर आमचा निबंध आपोआप तिथे येऊन बसलेला. पाठवतानाच त्याने माझा नंबर घातला होता. नाव तेवढं माहेरचं, कारण नंबरावर मीच ते बदललं नव्हतं. सासरच्या नावाने शोधून कुठून सापडणार, कपाळ माझं!

मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावी जाऊन खरं काय ते सांगितलं. "मंग आता काय करतं, बाई?" सोसायटीतली एक म्हातारी म्हणाली. "मासे तं निंगले ना सारे."

शेवटी त्याला फोन लावला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"साऱ्या गावाले सांगितलं तू," तो म्हणाला. "मले एक फोन काऊन नाई केला?"