न बांधलेली शेळी

आमच्या घरात देव्हारा नव्हता. त्या जागी पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील प्रेसमध्ये कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी बुवाबाजी, हुंडा, जातपंचायत... कशाच्या ना कशाच्या विरोधात स्वतःची पत्रकं काढायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. नावसुद्धा ठेवलं क्रांती. त्यामुळे या ग्रुपवरचे चमत्कारांचे अनुभव मी आजवर वाचले ते फक्त कमेंटमध्ये भांडायला. काहींना आठवत असेलच!

आज मीच लिहितेय. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

गाव कासार आंबोली. पौड रस्ता सोडून आत वळलं की आधी शेतं लागतात, मग वीकेंड बंगल्यांची तारेची कुंपणं, आणि सगळ्यात शेवटी, टेकडीच्या पायथ्याला, माझ्या आत्याचं घर. आत्या शेळ्या पाळते. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या शेळ्यामेंढ्याच. त्यातून बाहेर पडले ते एकटे माझे वडील.

मी तिथे का होते, तर हिंजवडीच्या कंपनीने आमची अख्खी टीम घरी बसवली होती. मारुंजीतली भाड्याची खोली सोडावी लागली. आत्याचा मुलगा दत्तादादा हिंजवडीजवळच्या जांब्यात राहतो, कॅब चालवतो. तो म्हणाला, "आईकडं जाऊन राहा. तिलाबी सोबत होईल." संक्रांत नुकतीच झाली होती.

मी गेले त्याच आठवड्यात ते घडलं. एका बंगल्याच्या माळ्याने कापलेलं गवत आणि कुंपणाची छाटणी तारेबाहेर टाकली. जनावरं खातील, एवढाच त्याचा विचार. त्या छाटणीत विषारी कण्हेर होती. हिरव्या कण्हेरीला शेळी सहसा तोंड लावत नाही, पण सुकून गवतात मिसळली की तिला कळत नाही. दुपार उलटायच्या आत आत्याच्या तीन दुभत्या शेळ्या गेल्या. नुकत्याच व्यालेल्या. मागे राहिली चार करडं — धड उभंही राहता येत नव्हतं त्यांना.

मी बंगल्याच्या गेटवर जाऊन काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते भांडण अजून चालू आहे, आणि मी ते सोडणार नाही.

"भांड की," आत्या म्हणाली. "मी कुटं नको म्हणतीया? पर आदी ह्यांच्या पोटाचं बघू."

पोटाचंच तर अवघड होतं. उरलेल्यांत दूध फक्त चंद्रीला, आणि ते तिच्या स्वतःच्या करडापुरतं. दुसऱ्याचं करडू जवळ गेलं की ती सरळ लाथ घालायची. शेळी पिल्लाला वासावरून ओळखते. परक्याला पाजत नाही. आम्ही गाईचं दूध बाटलीने पाजून पाहिलं, तर करडांना हगवण लागली.

दत्तादादा आला. त्याने करडांकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन बसला. "आई, ही जगायची न्हाईत. उरलेल्या शेळ्या इक, आन् चल माझ्याकडं जांब्याला. आता चारायला तरी जागा कुटं ऱ्हायली हाय?"

आत्या एका करडाची पाठ पुसत होती. म्हणाली, "ही चार जगली तर माझं शेळ्यांचं खांड परत उभं ऱ्हाईल. न्हाई जगली तर येती तुझ्याकडं. बास?"

म्हणजे पैज चार करडांवर लागली होती. आणि संध्याकाळी आत्या करडांसाठी चंद्रीची थोडी धार काढायला बसली तेव्हा तिने काय केलं? नेहमीसारखी पहिली धार भुईवर सोडली. देवाची म्हणून!

माझं डोकंच फिरलं. "आत्या, तिकडे पिल्लं भुकेने ओरडतायत, आणि तू मातीला दूध पाजतेस?"

"चुळकाभर हाय ते."

"चुळकाभर त्यांच्या तोंडात घाल ना!"

"तुझा बापबी असाच वराडायचा," ती मान वर न करता म्हणाली. "किरांती, आगं, ज्याच्याकडं मागायचं त्यालाच इसरून कसं चालंल? तो बघंल."

तो बघंल. हे दोन शब्द म्हणजे आमच्या घरातली शिवी. माणसं याच शब्दांवर निजून राहतात, असं मी स्वतः वडिलांच्या पत्रकात छापलंय. मी चिडून आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात एक शेळी उभी होती.

काळी, पोटावर पांढरा पट्टा, कास गच्च भरलेली. कानाला ना खूण ना बिल्ला. आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या जनावराचा कान आपल्या पद्धतीने कापतं. कान बघितला की शेळी कुणाची ते कळतं. हिचे दोन्ही कान कोरे. आत्याने करडं सोडली. ती धडपडत गेली आणि चारही तिच्या खाली घुसली. शेळी हलली नाही. लाथ नाही, हुंगणं नाही... मान वळवून बघितलंसुद्धा नाही. नुसती रवंथ करत उभी राहिली.

दिवसभर ती अंगणात होती. उन्हं कलली तशी टेकडीच्या वाटेला लागली. मी दावं घेऊनच धावले.

"ठेव ते खाली!" आत्या ओरडली.

"अगं, ती गेली तर उद्या करडं मरतील!"

"दुसऱ्याची हाय ती. दुसऱ्याचं जनावर दारात आलं तर पाणी पाजावं, पाला घालावा, आन् जाऊ द्यावं. दावणीला बांधलं की चोरी झाली."

"कुणाची चोरी? मालक कुठाय?"

"हाय की कुनीतरी."

मी दावं टाकलं. तत्त्वाचं बोलणं होतं, आणि तत्त्वापुढे मला बोलता येत नाही, मग ते आत्याचं असलं तरी. पण त्या रात्री मला झोप आली नाही. टेकडीवर बिबट्या आहे. आदल्याच महिन्यात वस्तीवरची दोन कुत्री गेली होती. एकटी शेळी तिथे सकाळपर्यंत राहील?

राहिली. सकाळी परत अंगणात. त्याच्या पुढच्या दिवशीही. रोज सकाळी यायची, रोज संध्याकाळी जायची. आणि रोज संध्याकाळी ती दिसेनाशी होईपर्यंत मी अंगणाच्या कुंपणापाशी उभी राहायचे, कारण ती उद्या येईलच याला काहीही आधार नव्हता. दत्तादादाने दोनदा सांगून पाहिलं, "आई, आता तरी बांध." आत्या म्हणाली, "बांधल्याली असती तर आली असती का?"

मी गप्प बसणारी नाही. फोटो काढले. (हो, फोटोत ती दिसते. अगदी साधी शेळी दिसते.) गावाच्या ग्रुपवर टाकले, दत्तादादाने जांब्याच्या आणि मारुंजीच्या ओळखीच्यांना पाठवले, पौडच्या बाजारात मी मोबाईल हातात घेऊन फिरले. कुणाचीच नाही. गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पिल्लं मेलेली शेळी कास दुखते म्हणून कधीकधी दुसऱ्याचं पाजते. एखादं. "चार? ओळखदेख नसताना? मी तरी बघितलेलं नाही."

एका संध्याकाळी तिच्या मागोमाग गेले. उजेड चांगला होता. ती घाई न करता टेकडी चढली, माथ्याजवळच्या करवंदीच्या जाळीला वळसा घालून पलीकडे गेली. मी मागोमाग वळले. पलीकडे उघडा माळ. गवत कापून नेलेलं, झाड नाही, खड्डा नाही. शेळी नाही. मी हाका मारल्या, खाली उतरून पाहिलं. मग काळोख पडायला लागला आणि, खरं सांगते, बिबट्याची आठवण झाली. मी परतले.

आत्याला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "मंग? काय कळलं?"

"काही नाही."

"मला न जाता तेवडंच कळालं हुतं," ती म्हणाली, आणि स्वतःच खुदकन हसली.

करडं गुबगुबीत झाली. अंगणभर उड्या मारायला लागली, चंद्रीच्या अंगावर चढायला लागली, मग पाला ओरबाडायला लागली. शिमगा जवळ आला होता. दत्तादादा आला, त्यातलं एक उचलून मांडीवर घेतलं आणि जांब्याला चल म्हणायचं त्याने त्या दिवसापासून सोडून दिलं.

आणि एका सकाळी ती आली नाही.

मी दुपारपर्यंत वाटेकडे बघत बसले. करडांनी एकदोनदा हाका मारल्या, मग ती पाल्याला भिडली. त्यांना आता तिची गरज उरली नव्हती, हे त्यांच्याही आधी कुणाला तरी कळलं होतं. कुणाला, ते मी सांगू शकत नाही. बिबट्याने नेली म्हणाल, तर माग नाही, रक्त नाही, केस नाही, आणि बरोबर त्याच दिवशी का? कुणाच्या तरी कळपातून चुकलेली म्हणाल, तर तो कळप आजवर मिळालेला नाही. मी शोधणं थांबवलेलंही नाही. कुणाकडे खरं उत्तर असेल तर कमेंटमध्ये द्या, मी भांडणार नाही.

एवढं मात्र कबूल करते की त्या दिवशी मला हरल्यासारखं वाटलं नाही. नोकरी गेलेली, खोली गेलेली, पुढचं काही दिसत नव्हतं, आणि तरी आपल्याला काहीतरी मिळालंय असं वाटत होतं. कुणीतरी न मागता, न बांधता रोज येऊन गेलं होतं. त्याचे आभार न मानणं मला अन्यायाचं वाटलं, आणि अन्याय मला सहन होत नाही. म्हणून मी कुंपणापाशी उभी राहिले, कुणी बघत नाही असं पाहिलं, आणि त्या रिकाम्या टेकडीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "उपकार झाले."

मागून आत्याचा आवाज आला. पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"मोठ्यानं बोल पोरी," ती म्हणाली. "टेकडीवरनं वारं इकडं येतंय."

मी पुन्हा म्हणाले. मोठ्याने.