मूलपेशींचा मुराळी

तमाम खान्देशवासीयांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, रक्ताच्या कर्करोगांवर उभी हयात घालवलेल्या अस्मादिकांस धुळे-जळगाव पट्ट्यात एक असा आजार आढळला आहे, ज्यावर जगात औषध नाही. त्याचं नाव सख्खी भावंडं.

माझा पेशंट धुळ्याजवळचा, माझ्याच गावचा. रक्ताचा कर्करोग औषधांनी दबला होता, पण पुन्हा उलटणार हे मला दिसत होतं. वाचायचं तर हाडांतली मज्जा औषधं देऊन रिकामी करायची आणि तिथे दुसऱ्याच्या मूलपेशी पेरायच्या. पेशी जुळण्याची सगळ्यात जास्त आशा सख्ख्या भावंडात. याला बहीण एकच, पाचोऱ्याला दिलेली. आणि दोघांचं बोलणं बंद!

आमच्याकडे लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, पण आपल्या पायांनी नाही. माहेरचा माणूस मुराळी म्हणून न्यायला जातो. वडील गेल्यावरच्या पहिल्या आखाजीला या शहाण्याने मुराळी न पाठवता फोन केला, "बस धरीसन ये." तेव्हापासून बाईने गावाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

आता जिवावर बेतलं, तर त्याच्या बायकोनेही काय करावं? फोन!

पलीकडून उत्तर आलं, "मरी गया ते बी फोनच करजो!"

इकडे पेशंट पलंगावरून गरजला, "तिना रगतवर जगनापेक्षा मरेल बरं!" बायको म्हणाली, "मरा मग, पण आधी माले इचारा."

मी पाचोरा गाठलं. बाई कमरेवर हात ठेवून उंबऱ्यातच उभी. "भाऊ, डॉक्टर म्हनीसन उना का मुराळी म्हनीसन?"

"आधी डॉक्टर," मी म्हणालो. "पेशी द्यायच्या की नाहीत, ही तुझी मर्जी. नाही म्हणालीस तर कारणसुद्धा विचारणार नाही."

"आयकं. डॉक्टरना काम झाया. आते?"

मी बॅग खाली ठेवली, चपला काढल्या आणि गावच्या वतीने हात जोडले. "आता मुराळी. चल ताई." आखाजी होऊन सहा महिने उलटले होते, पण मुहूर्ताबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही. तिने आत जाऊन पिशवी भरली.

तपासणीत पेशी तंतोतंत जुळल्या. भावाचं मत पडलं, "यंत्र खराब शे."

ताईने इंजेक्शनं घेतली आणि एक दिवस आमच्या जळगावच्या केंद्रात यंत्राला जोडून पडली. एका हातातून रक्त निघायचं, यंत्र त्यातल्या मूलपेशी वेगळ्या काढायचं, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. तेवढा वेळ भावाचा उद्धार अखंड चालू! आखाजीला नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून दोन गावच्या बाया एकमेकींना शिव्या घालतात, त्या खेळात ही आमच्या काठाची सेनापती होती. पेशी त्याला चढवून झाल्यावरही ती रोज यायची आणि त्याच्या खोलीच्या काचेबाहेर उभी राहून, आवाज पोचत नाही तर हातवाऱ्यांनी, त्याची खरडपट्टी काढायची. आत तो औषधांनी टकला झालेला, तोंडात फोड आलेला, पण उत्तर द्यायला उठून बसायचा. नर्स म्हणाली, "बाईंना घालवू का?" मी म्हणालो, "खबरदार! हा दुसऱ्या कशासाठी उठत नाही."

माझी झोप मात्र उडाली होती. पेशी रुजल्या नाहीत तर तो गेलाच. आणि रुजल्या, तरी पाहुण्या पेशी यजमानाच्या शरीरालाच परकं समजून हल्ला करू शकतात. हल्ला फार झाला तर जीव जातो. थोडा झाला तर आम्हाला हवाच असतो, कारण त्याच झटापटीत उरलासुरला कर्करोगही मार खातो.

हळूहळू रक्तातल्या पेशींचे आकडे चढू लागले. मग एका सकाळी त्याच्या तळहातांवर आणि छातीवर लाल पुरळ उठलं. मी उलटसुलट तपासलं. पुरळ हलकंच होतं, पोट ठीक, यकृत ठीक. मास्कच्या आड मला हसू आवरेना.

"तुझ्या बहिणीच्या पेशी रुजल्या," मी सांगितलं. "आणि आता तुझ्या अंगावर थोड्या धावून जातायत. एवढं असेल तर चांगलंच."

त्याने तळहात खाजवले. काचेपलीकडे कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं, आणि सगळा वॉर्ड दणाणेल अशा आवाजात ओरडला, "देखं का? आंगमा जाईसनबी भांडीच राह्यनी!"