सत्यभामाबाईचा अंगठा

टेंभरटोल्यात चारशे उंबरे असतील. त्यातल्या निम्म्या घरांतल्या माणसांना सत्यभामाबाई मनातल्या मनात मेंढरं म्हणायची आणि उरलेल्यांना तोंडावर. एकोडीच्या बाजारात तिच्या ओळखीची चार माणसं भेटली तर त्यातली दोन रस्ता बदलत. तिला त्याचं काही वाटत नसे. रस्ता बदलणारा माणूस भेटून तरी कोणतं शहाणपण सांगणार होता?

ती सिहोऱ्याची. बाप पोस्टमन होता, आणि सातवीपर्यंत शिकलेल्या या मुलीला तो सुट्टीत सायकलवर मागे बसवून नेई, ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं वाचून दाखवायला. कोणी काहीही पुढे करावं आणि लोकांनी शाईत बोट बुडवून मोकळं व्हावं, हे तिनं तेव्हाच पाहिलं. अक्षर न येणाऱ्याची तिला कीव यायची. येत असून न वाचणाऱ्याची मात्र तिला किळस यायची, आणि टेंभरटोल्यात लग्न होऊन आल्यावर अशाच माणसांमध्ये तिचा जन्म गेला. नवरा लक्ष्मणराव त्यातलाच. दहावीपर्यंत शिकलेला, स्वभावानं गरीब, कोणी "काकाजी" म्हणून चहा पाजला की त्याच्या मागे चालू लागणारा. तलावाखाली त्यांच्या तीन एकर बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, होत्या. बायांची टोळी घेऊन ती तीस वर्षं गावभर धानाची रोवणी करत आली होती, त्यामुळे कोणाच्या बांधीत किती दिवस पाणी टिकतं हे तिला तलाठ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी तलावात टिप्पर येऊ लागले. मालगुजारांच्या काळातला जुना तलाव. एका अंगाला मातीची पाळ, आणि समोरच्या अंगानं जंगलातलं पाणी उतरून आत येतं. मुरूम पडू लागला तो नेमका त्या पाणी येण्याच्या वाटेवर. आठ दिवसांत तिथे सपाट मैदान झालं आणि एक पाटी लागली, 'तलाव सौंदर्यीकरण'. पाटीवर कमळ रंगवलं होतं. खरी कमळं मुरमाखाली गेली होती.

सत्यभामाबाई ग्रामपंचायतीत गेली. सरपंचाच्या खुर्चीत वीरेंद्र बसला होता. जागा महिलांसाठी राखीव निघाली म्हणून त्यानं बायकोला, मंगलाबाईला, निवडून आणलं होतं, आणि भिंतीवरच्या फळ्यावर तिचं नाव लिहून खुर्ची स्वतः घेतली होती. तलावात फिरणारे टिप्परही त्याचेच होते.

"सरपंच कुठी हाय?"

"बोला ना काकी, मीच हावो."

"तू मंगला हायेस?"

ग्रामसेवकानं फायलीत तोंड घातलं. वीरेंद्रचं हसू जरा आखडलं. "काकी, काम सांगा."

"तलावात मुरूम टाकून राहिले. कोणाच्या हुकमानं?"

"कोणाच्या म्हणजे? तुमच्याच. तिथी सभागृह होऊन राहिलं, दहा दुकानं होऊन राहिली. पोरायले रोजगार भेटन. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेचा ठराव हाय, एकमतानं."

"दाखव."

"त्याले अर्ज करा लागते."

त्याला वाटलं, बाई बडबडत घरी जाईल. तिनं ग्रामसेवकाच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला, बाकावर बसली आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून काढला. सही केली तीही सावकाश, एकेक काना-मात्रा देऊन. ग्रामसेवक पोच द्यायला कुरकुरला, तेव्हा ती म्हणाली, "तुमी लिहून द्या, नाई तं मी इथीच बसतो. मले घरी काम नाई." पोच मिळाली.

नक्कल महिनाभरानं हातात पडली. दोनशे चौदा माणसं हजर. सत्यभामाबाईनं ओसरीवर बसून पहिल्या नावापासून वाचायला घेतलं. सत्त्याऐंशीव्या ओळीत तिचं नाव होतं आणि नावापुढे निळा, फासटलेला अंगठा.

ती त्या दिवशी गावातच नव्हती. आदल्या दिवशी सकाळीच नाकाडोंगरीला, लेक मेघाच्या घरी, नातीच्या बारशाला गेली होती. तिच्या नावानं कोणी खोटी सही ठोकली असती तर तिला फक्त राग आला असता. पण अंगठा! जन्मात तिनं कुठे अंगठा उठवला नव्हता. चोरी करायची तर निदान नीट करावी, एवढीही या लोकांची लायकी नव्हती. आणखी वीस ओळी खाली भोजराज होता. भोजराज ढिवर, तलावात मासे धरणारा, दिवाळीच्या आधीच वारला होता. जिवंतपणी त्याला पेन धरता येत नव्हतं. मेल्यावर त्याला झोकदार सही आली होती.

ती कागद घेऊन घरोघरी फिरली. लोकांनी नक्कल पाहिली, मान हलवली आणि परत दिली. एकानं सांगितलं, त्याला दोन नंबरचं दुकान मिळणार आहे. दुसऱ्याच्या पोराला तिथे चौकीदारी मिळणार होती. तिसरा म्हणाला, "काकी, तुमचं खरं हाय, पण आपण कोण व?"

"तू कोणी नाई हे मले माहीत हाय," ती म्हणाली. "कागदावर नाव काहून हाय मंग?"

घरी लक्ष्मणरावानं वेगळाच सूर धरला होता. "मेघाची माय, सोड ना आता. आपल्याले काय करायचं? वीरेंद्र मोठ्या लोकाइत बसते."

"आपल्या बांध्या तलावाखाली हायेत, का त्याच्या मोठ्या लोकाइच्या?"

यावर तो गोठ्यात निघून गेला. जातो म्हणून तिला नवल वाटलं नाही. मात्र या वेळी तो नेहमीपेक्षा लवकर गेला, एवढं तिच्या लक्षात आलं आणि तिनं ते सोडून दिलं.

एकटी कुंताबाई तिच्याकडे आपणहून आली. भोजराजची बायको. मुरूम पडल्यापासून त्या अंगाला जाळं टाकायला जागाच उरली नव्हती. नवऱ्याच्या नावापुढची सही तिनं बोटानं चाचपली, जणू ती गरम असावी.

"बाई, हे काय लिहिलं हाय?"

"तुह्या मालकानं सही केली. सव्वीस जानेवारीले."

कुंताबाईनं कागदाची घडी घालून तो तिच्या हातात परत दिला. मग म्हणाली, "मले घेऊन चला सभेले."

एक मेची ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. मधल्या खुर्चीत वीरेंद्र. सत्यभामाबाई उभी राहिली.

"अध्यक्ष कोण हाय?"

"मंगलाची तब्येत बरी नाई," वीरेंद्र म्हणाला.

"सरपंच नसन तं उपसरपंच बसन. सरपंचाचा नवरा कोणत्या कायद्यात हाय, ते ग्रामसेवक सायबानं वाचून दाखवावं. नाई तं मंगलाले बोलवा. घर चार पावलावर हाय."

मागून कोणीतरी हसलं. ग्रामसेवकानं एका पोराला मंगलाबाईच्या घरी धाडलं. दहा मिनिटांनी मंगलाबाई आली, धडधाकट, डोक्यावर पदर. खुर्चीच्या टोकावर बसली. वीरेंद्र बाजूला उभा राहिला, पण बोलणं त्यानं सोडलं नाही.

सत्यभामाबाईनं नक्कल उघडली आणि नावं वाचू लागली. जे नागपूरला कामाला होते, जे दवाखान्यात होते, ज्यांना सभेचा पत्ता नव्हता. भोजराजचं नाव आलं तशी कुंताबाई उठली.

"माह्या मालकाले आणा. त्याचीच सही हाय ना? आणा. मले बी भेटायचं हाय."

आता कोणी हसलं नाही. वीरेंद्रच्या कपाळावर घाम आला. "हे राजकारण हाय. गावचा विकास पाहवत नाई यायले!"

"आणि हा," सत्यभामाबाईनं कागद उंच धरला, "माह्या नावावर अंगठा. कोणाचा हाय? पोलिसात देतो, तपासू दे."

तेव्हा वीरेंद्र हसला. सभेकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कायले तपासता काकी? घरचाच अंगठा हाय. काकाजीले विचारा."

सत्यभामाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. लक्ष्मणराव खांबाला टेकून बसला होता. त्याची मान आधीच खाली गेली होती.

"उठा," ती म्हणाली.

तो उठला. "वीरेंद्रची माणसं घरी आली होती. म्हणे, दोघाइच्या सह्या लागतात. मी माही केली. म्हटलं, मेघाची माय नाई घरी. तं म्हणे, तुमीच लावून द्या अंगठा, काकाजी. मंग…"

व्हरांड्यात हशा पिकला. न वाचता सही करू नका असं साऱ्या गावाला सुनावणाऱ्या बाईचा अंगठा तिच्याच चुलीपाशी चोरीला गेला होता. जी माणसं तिच्यापुढे तोंड उघडत नव्हती ती मांड्या थोपटून हसली. तिचे कान तापले. क्षणभर तिला वाटलं, कागद इथेच टाकावा आणि बांधीकडे चालू लागावं. या माणसांसाठी तलाव वाचवायचा? बुजू दे की. मुरमात रोवणी करतील आणि तिथेही एकमतानं ठराव घेतील.

मग नवऱ्याचं बोलणं तिच्या डोक्यात दुसऱ्यांदा वाजलं.

"कोणत्या दिवशी आले होते?" तिनं विचारलं.

"पंचवीसले. संध्याकाळी."

"ऐकलं?" ती ग्रामसेवकाकडे वळली. "पंचवीसले घरोघरी फिरून सह्या झाल्या, सभा सव्वीसची. लिहा. माह्या मालकाचं बयान हाय, आणि वीरेंद्रनं सगळ्याइसमोर हो म्हटलं हाय. लिहा ना, पेन काहून थांबला?"

हशा बंद पडला. आपण काय बोलून बसलो हे वीरेंद्रला सगळ्यात शेवटी कळलं.

"मंगला," सत्यभामाबाई म्हणाली, "ठरावाखाली सरपंच म्हणून तुही सही हाय. सव्वीसले तू ही माणसं पाहिली?"

मंगलाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच खुर्चीत मागे सरकून नीट बसली.

"मी बी गावात नव्हती, माहेरी होती," ती म्हणाली. "सही माही नाई."

पुढचं सरकारी चालीनं झालं. पंचायत समितीचा माणूस आला, चौकशी झाली, ठराव रद्द झाला, टिप्पर थांबले. ग्रामसेवकाची बदली झाली. वीरेंद्रला काही झालं नाही. मंगलाबाई आठवड्यातून दोनदा कार्यालयात येऊ लागली, आणि तो बाहेर मोटारसायकलवर बसून फोनवर बोलू लागला, एवढाच फरक. मुरूम उचलण्याचा हुकूमही निघाला. वरवरचा थोडा उचलला गेला, तोही पुन्हा वीरेंद्रच्याच टिप्परांनी. बाकीचा तिथेच राहिला. पाऊस आला तेव्हा अर्धं पाणी तलावात शिरलं आणि अर्धं बाजूच्या नाल्यानं निघून गेलं. तलावापासून लांबच्या, शेपटाकडच्या बांध्यांना रोवणीच्या वेळी पाणी कमी पडलं. ज्यांच्या बांध्या होत्या ते सत्यभामाबाईकडे आले, "काकी, अर्ज करा ना एखादा."

"हात मोडले काय तुमचे?" ती म्हणाली, आणि अर्ज लिहिला. मात्र प्रत्येकाला तो मोठ्यानं वाचायला लावला आणि मगच खाली सह्या घेतल्या. दोघं वाचताना अडखळले. तिनं त्यांना मदत केली नाही.

ऑगस्टच्या पंधरा तारखेला शाळेत कार्यक्रम होता. जिल्ह्याहून एक पुढारी येणार होता. वीरेंद्रनं निमंत्रण पाठवलं, 'जलरक्षक सत्यभामाबाई यांचा सत्कार'. ती गेली नाही. कुंताबाईला घेऊन बांधीत निंदण काढत राहिली. भोंग्यातून पुढाऱ्याचं भाषण शेतापर्यंत येत होतं. आमच्या वीरेंद्रभाऊंनी तलाव कसा वाचवला, हे तो सांगत होता.

"बाई, तुमचं नाव घेऊन राहिले," कुंताबाई म्हणाली.

"घेऊ दे. माहा अंगठा घेतला, नाव काय मोठं हाय?"

नाव तीनदा पुकारलं गेलं. मग टाळ्या वाजल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी उठून गेलं होतं.

दुपारी ती घरी आली तेव्हा लक्ष्मणराव ओसरीवर बसला होता. मांडीवर गुलाबी शाल, शेजारी नारळ. तिच्याकडे न पाहता म्हणाला, "लय वेळ पुकारून राहिले होते. बरं नाई दिसत. मंग मी गेलो."

सत्यभामाबाईनं पाय धुतले. शालीचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं. कापड विरळ होतं.

"काय करू हिचं?" त्यानं विचारलं. "थंडीत बैलाच्या पाठीवर टाकू?"

"नोको," ती म्हणाली. "बैलानं कोणाचं काय वाईट केलं?"

नारळ मात्र तिनं फोडला, आणि अर्धा कुंताबाईच्या घरी नेऊन दिला.