उलटा चालणारा आकडा

पुष्पलता मोखाड्याजवळच्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होती. लग्न केलं नव्हतं. आई गेली, साखरशेत या गावातलं घर भावाचं झालं, तेव्हापासून वसतिगृहातली खोली हेच तिचं घर.

दोन हजार तीनच्या सुमारास ती ऐन उन्हाळ्यात शाल पांघरू लागली. आवाज घोगरा झाला, केस झडले, प्रार्थनेला उभ्या उभ्या डोळा लागायचा. "बाई सुस्तावल्या," मास्तर हसायचे. नाशिकच्या डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉईडची गोळी दिली, रोज सकाळी उपाशीपोटी. पुढे डोस वाढवला आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायला या म्हणाले. अंगात तरतरी आली तशी तिची तपासणी राहूनच गेली.

दिवाळीच्या सुट्टीत मुली आपापल्या पाड्यांवर गेल्या. आणि पुष्पलताची छाती धडधडू लागली. हात थरथरत, झोप उडाली, पोटभर जेवूनही अंग उतरत चाललं. रिकाम्या खाटा पाहिल्या की घाम फुटे. तिला वाटलं, एकटेपणच आपल्याला खातंय. आणि हे सांगायचं तरी कोणाला?

स्वयंपाकीण नवशी भांडी घासायला आली होती. तिनं पुष्पलताचं मनगट धरलं. "बाय, तुझी नाडी त पळतेय गं. डाक्टरकडं जा."

नाशिकला पुन्हा रक्त तपासलं. नवा रिपोर्ट पाहून पुष्पलता सुखावली. मागे भलताच चढलेला टीएसएच, थायरॉईडच्या तपासणीतला आकडा, आता जवळजवळ शून्यावर होता.

"उतरला, डॉक्टर!"

"हा आकडा उलटा चालतो, बाई. थायरॉईड कमी पडलं की मेंदू हाका मारतो, आकडा चढतो. आता गोळी जास्त होतेय, म्हणून मेंदू गप्प बसलाय, आकडा उतरलाय. धडधड जास्तीच्या गोळीचीच. डोस कमी करू. गोळी मात्र सोडायची नाही, तपासणी चुकवायची नाही."

"म्हणजे हे मनाचं नव्हतं?"

"नव्हतं."

तिचे डोळे भरून आले.

हळूहळू झोप लागू लागली. पुढच्या तपासणीत आकडा बरोबर बसला. त्या दिवशी परतताना ती एसटीतून मोखाड्याला उतरलीच नाही, तशीच साखरशेतला भावाकडे गेली. वहिनीनं पाणी दिलं.

"आज कशा काय?"

"सहज."

वहिनीनं भाकरी वाढली, नाचणीच्या मळणीचं बोलली. भाऊ शेतावर होता. कोणी तब्येत विचारली नाही, तिनंही रिपोर्ट पिशवीतून काढला नाही. संध्याकाळच्या गाडीला वहिनी फाट्यापर्यंत पोचवायला आली.